ताण तोडण्याची वेळ : शेतकऱ्यासाठी रोजचे दहा मिनिटांचे ध्यान

(नागपूर येथील शेतकरी मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



सकाळच्या सत्रात आपण गुलाबी बोंडअळी आणि संत्र्यावरील फळगळ या विषयांवर तज्ज्ञांचे मार्गदर्शन ऐकले. आता जेवणानंतर ध्यानावर बोलण्यासाठी मला उभे केले आहे. वरण-भात पोटात गेल्यावर हा विषय ठेवला की निम्मी सभा सांगण्याआधीच डोळे मिटते, हे संयोजकांना चांगलेच ठाऊक असावे. ज्यांना झोप येईल त्यांनी खुशाल झोपावे. पुष्कळांना घरी रात्री झोप लागत नाही, हे मला माहीत आहे, आणि मुळात त्याबद्दलच मी बोलणार आहे.

प्रथम एक खुलासा करतो. मी महाराज नाही आणि डॉक्टरही नाही. माझी नोकरी विस्तार कार्यात गेली आणि घरची थोडी संत्रा बाग काटोलकडे आहे. त्यामुळे जे सांगेन ते शेतकऱ्याच्या दिनक्रमात बसते का, हे स्वतः करून पाहिल्यावरच सांगेन.

आपल्या संत्रा पट्ट्यात 'ताण' हा शब्द लहान मुलालाही कळतो. आंबिया बहार घ्यायचा तर डिसेंबरात बागेचे पाणी तोडतो, मृग बहार घ्यायचा तर उन्हाळ्यात तोडतो. झाड मलूल होते, पाने पिवळसर पडतात, काही गळतात. हे आपण मुद्दाम करतो, कारण ताणाशिवाय फुलोरा येत नाही. पण जमीन हलकी असेल तर ताणाचे दिवस कमी, भारी असेल तर जास्त, हे हिशेबाने ठरवतो. दिवस भरले की ताण तोडतो. आणि तोडताना धो धो पाणी देत नाही. आधी आंबवणीचे हलके पाणी, मग काही दिवसांनी चिंबवणीचे, मग नेहमीची पाळी. ज्याने ताण वेळेवर तोडला नाही, त्याच्या बागेत फांद्या वाळतात आणि पुढच्या वर्षी सल काढत बसावे लागते.

माणसालाही थोडा ताण लागतोच. पेरणी तोंडावर आली की अंगात जोर येतो, तो त्याच्यामुळेच. अडचण अशी की झाडाचा ताण तोडण्याची तारीख आपण वहीत लिहून ठेवतो आणि स्वतःचा ताण मात्र जूनपासून पुढच्या जूनपर्यंत तसाच चालू ठेवतो. पेरणीत पावसाची चिंता, श्रावणात खताची, दिवाळीत कापसाच्या भावाची, मार्चमध्ये सोसायटीच्या हप्त्याची. मग रात्री दोन वाजता डोळे उघडतात आणि छताकडे पाहत बेरजा सुरू होतात. त्या वेळी केलेली बेरीज कधीच बरोबर येत नाही, हा माझा अनुभव आहे.

यात नुसता झोपेचा प्रश्न नाही. शेतीचे नुकसानही होते. जमिनीत पुरेशी ओल होईपर्यंत, म्हणजे साधारण 75 ते 100 मिलिमीटर पाऊस पडेपर्यंत पेरणी करू नका, असे कृषी विद्यापीठ वर्षानुवर्षे सांगते आणि ते आपल्याला पाठ आहे. पण मृगाची एक सर येते, शेजाऱ्याची तिफण निघते आणि आपल्या छातीत धडधड सुरू होते. आपणही निघतो. पुढे पंधरा दिवस पाऊस दडी मारतो आणि दुबार पेरणी येते. बियाण्याची पिशवी दुसऱ्यांदा घेताना आपण नशिबाला बोल लावतो. खरे तर त्या सकाळी माहिती कमी पडलेली नसते. घाबरलेल्या मनाला ती ऐकू आलेली नसते. फवारणीचेही तसेच. अळी दिसली की दुकानदार सांगेल ती दोन-तीन औषधे एका पंपात मिसळणारा शेतकरी अडाणी नसतो, तो घाबरलेला असतो.

म्हणून ध्यानाची गोष्ट. माझ्यापुरती ती अपयशाने सुरू झाली, तेव्हा तेच आधी सांगतो.

एका वर्षी आमच्या बागेची फळगळ थांबेना. जे सुचेल ते केले. महिनाभर मी घरात सगळ्यांवर ओरडत होतो. घरच्यांनी सुचवले म्हणून दहा दिवसांच्या विपश्यना शिबिराला गेलो. आचार्य सत्यनारायण गोयंका यांनी 1969 साली ब्रह्मदेशातून येऊन ही पद्धत भारतात पुन्हा रुजवली आणि 1976 पासून इगतपुरीचे धम्मगिरी केंद्र सुरू झाले. आपल्या नागपूरजवळ माहुरझरी येथेही धम्मनाग केंद्र आहे. दहा दिवस मौन, पहाटे चारला घंटा, शुल्क काही नाही. शिबिर चांगले झाले. परत येताना ठरवले की आता रोज सकाळी एक तास आणि संध्याकाळी एक तास बसायचे, जसे तेथे सांगतात तसे.

ते अठरा दिवस टिकले. एकोणिसाव्या दिवशी ओलिताची लाईन रात्री आली. पहाटे चारला मी बांधावर चिखलात होतो आणि सहाला घरी येऊन आडवा झालो. दुसऱ्या दिवशीही तसेच. मग वाटले, आता नियम मोडलाच आहे, पुढच्या सोमवारपासून करू. तो सोमवार सहा महिने आला नाही. नंतर पुन्हा गुढीपाडव्याला सुरुवात केली, ती लग्नसराईत बुडाली. तिसऱ्यांदा 21 जूनला, योग दिनाला केली. संयुक्त राष्ट्रांनी 2014 मध्ये हा दिवस ठरवला तेव्हा विदर्भातल्या शेतकऱ्याला कोणी विचारले नसावे. आपण त्या दिवशी पेरणीच्या धामधुमीत असतो. आता 2024 मध्ये त्यांनी 21 डिसेंबर हा जागतिक ध्यान दिवस ठरवला आहे. तेव्हा कापसाची वेचणी असते, पण निदान पहाटे थंडी असते आणि बसावेसे वाटते.

तीन वेळा मोडल्यावर मला वाटू लागले की आपल्यात निश्चयच नाही. तो गैरसमज होता, आणि तो दूर झाला मोझरीला.

नागपूर-अमरावती रस्त्यावर तिवसा तालुक्यात गुरुकुंज मोझरी आहे, हे आपणा सर्वांना माहीत आहे. आपल्यापैकी किती तरी जण दरवर्षी तेथे जातात. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचा जन्म 1909 सालचा, अमरावती जिल्ह्यातील यावलीचा. 1935 च्या सुमारास त्यांनी मोझरीला आश्रम उभा केला. हातात खंजिरी घेऊन ते गावोगाव फिरले. 1955 मध्ये त्यांची ग्रामगीता आली. तिच्या 41 अध्यायांत मोक्षाइतकाच विचार गावाची सफाई, शिक्षण आणि शेती यांचा आहे. 2005 पासून नागपूर विद्यापीठाला त्यांचे नाव आहे. हे सारे आपल्याला ठाऊक आहे, म्हणून त्यावर जास्त वेळ घेत नाही. मला बोलायचे आहे त्यांनी गावाला लावून दिलेल्या एका साध्या वळणाबद्दल : सकाळी सामुदायिक ध्यान आणि संध्याकाळी सामुदायिक प्रार्थना.

लहानपणापासून मी ही प्रार्थना पाहत आलो. दिवेलागणीला सतरंज्या टाकल्या जात, रांगा लागत, गडी माणसे शेतातून येऊन हातपाय धुऊन बसत. मी तिकडे भजन म्हणूनच पाहिले. मोठेपणी स्वतःची सवय तीनदा मोडल्यावर एकदा मोझरीला प्रार्थनेला बसलो होतो. शेजारी एक वृद्ध शेतकरी होते. बोलता बोलता मी विचारले, "बाबाजी, इतकी वर्षं रोज कसं जमते तुम्हाला?" ते म्हणाले, "जमवा लागतच नाही बाप्पा. दिवा लागला का पाय आपोआप इकडे येते. अन् एखाद्या दिवशी नाही आलो, तर चार जण घरी विचारायले येते, का गा, बरं नाही का."

त्या दोन वाक्यांत मला माझ्या अपयशाचे कारण सापडले. माझ्या ध्यानाला घड्याळ होते, त्यांच्या ध्यानाला दिवेलागण होती. घड्याळातले चार आणि शेतातले चार यांचा मेळ बसेलच असे नाही, पण दिवेलागण चुकत नाही. दुसरे, मी एकटा होतो आणि मी चुकलो हे कोणाला कळतही नव्हते. तुकडोजी महाराजांनी हे शेतकऱ्यांमध्ये राहून ओळखले होते, असे मला वाटते. ज्या गावात बहुतेक घरी घड्याळ नव्हते, तिथे त्यांनी सवय सूर्याला बांधली आणि गावाला बांधली.

थोडे इकडेतिकडे पाहिले तर हेच दिसते. महात्मा गांधी 1936 मध्ये सेवाग्रामला आले, तेव्हापासून तेथे सकाळ-संध्याकाळ उघड्या मैदानात प्रार्थना होत आली. नमाजाच्या पाच वेळा सूर्यावर ठरतात आणि अजान सर्वांना एकदम बोलावते. 14 ऑक्टोबर 1956 ला नागपूरच्या दीक्षाभूमीवर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी धम्मदीक्षा दिली. त्यानंतर आपल्या भागात वस्तीवस्तीत विहारे झाली आणि तेथे एकत्र वंदना होते. मार्ग वेगळे आहेत. तुम्हाला जो आपला वाटतो तो घ्या, आणि कोणताच नको असेल तर नुसता श्वास पुरे, त्याला धर्म नाही.

मोझरीचीच आणखी एक गोष्ट सांगतो. महाराजांचे निधन 11 ऑक्टोबर 1968 ला दुपारी 4 वाजून 58 मिनिटांनी झाले. दरवर्षी पुण्यतिथी महोत्सवात त्याच वेळेला मौन श्रद्धांजली असते. तेव्हा सोयाबीन काढणीचे नाही तर कापूस वेचणीचे दिवस असतात. तरी लाखो माणसे तेथे येतात आणि त्या क्षणी सारा परिसर स्तब्ध होतो. मी तेथे उभा राहिलो आहे. एवढ्या गर्दीत कोणाच्या तरी कडेवरच्या लेकराचे रडणे तेवढे ऐकू येते. एकट्याने खोलीत बसून मला जी शांतता तासाभरातही मिळाली नव्हती, ती तेथे काही क्षणांत मिळाली.

घरी आल्यावर मी ठरवले की घड्याळ सोडायचे. आमच्याकडे दोन म्हशी होत्या. पाऊस असो, लग्न असो, की रात्रीचे ओलित असो, धार काढावीच लागते. तेव्हा धार काढून झाली, बादली आत ठेवली, हात धुतले की गोठ्याच्या ओट्यावर पोते टाकून दहा मिनिटे बसायचे आणि मगच चहा. पहिला महिना तर मी पाचच मिनिटे बसलो. आंबवणीचे पाणी हलकेच द्यायचे असते. ही सवय टिकली. म्हशी विकल्यावर काही दिवस गोंधळ झाला, मग ती मी बागेतल्या फेरीला जोडली.

सवय लागायला किती दिवस लागतात, हेही सांगतो, कारण एकवीस दिवसांचे गणित सगळीकडे ऐकू येते. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील संशोधकांनी 96 जणांवर केलेला अभ्यास 2010 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात रोजची एखादी गोष्ट अंगवळणी पडायला सरासरी 66 दिवस लागले. पण कोणाला 18 दिवसच पुरले, तर कोणाला 254 दिवस लागतील असा हिशेब निघाला. त्यातील आपल्या कामाची गोष्ट अशी की मध्ये एखादा दिवस चुकला तरी सवयीच्या वाढीत विशेष फरक पडला नाही. म्हणजे माझा एकोणिसावा दिवस बुडाला त्यामुळे काही बिघडले नव्हते. पुढच्या सोमवारची वाट पाहिली, तेथे बिघडले. पेरणीचे आठ दिवस बुडाले तर बुडू द्या. नांगी पडली म्हणून आपण वावर सोडून देत नाही, नांगे भरतो.

आता प्रत्यक्ष कसे बसायचे ते पाहू. शब्द थोडे वापरतो, कारण यात गूढ काहीच नाही.

जागा एकच ठेवा. देवघर, गोठ्याचा ओटा, बागेतले झाड, काहीही चालेल. खाली पोते किंवा घोंगडी घ्या. मांडी घालता येत नसेल तर बाजेच्या काठावर पाय जमिनीला टेकवून बसा. गुडघे दुखत असताना पद्मासनाचा हट्ट धरून लोक ध्यान सोडतात, असे मी पाहिले आहे. पाठ सरळ, पण ताठ नको. मोबाईल घरात. पहाटे उठल्याबरोबर कापसाचे भाव पाहून मग ध्यानाला बसणारे आमचे एक मित्र आहेत. ते ध्यानात दहा मिनिटे भावच पाहत असतात.

डोळे मिटा आणि श्वास नाकातून आत येतो व बाहेर जातो तेवढे पाहा. लांब करू नका, रोखू नका. चार-सहा श्वासांत मन पळेल. कोणाच्या धुऱ्याच्या भांडणात जाईल, पोरीच्या लग्नात जाईल, बँकेत जाईल. ते पळाले हे ज्या क्षणी लक्षात येते, त्या क्षणी त्याला रागावू नका, परत श्वासावर आणा. दहा मिनिटांत पन्नास वेळा आणावे लागले तरी ध्यान बिघडले असे नाही, ते आणणे हेच ध्यान आहे. नवा गोऱ्हा जुंपला की तो तासातून बाहेर जातो. त्याला तुतारी टोचून उपयोग नसतो, कासरा हलकेच ओढून तासात आणावा लागतो. किती वेळा आणला याचा हिशेब कोणी ठेवत नाही.

डोळे मिटले की जीव घाबरतो, असे काही जणांना होते. त्यांनी डोळे अर्धवट उघडे ठेवून समोर जमिनीकडे पाहावे आणि तळपायाला लागणारी माती, कानावर येणारे आवाज यांकडे लक्ष द्यावे.

याने शरीरात काय होते, ते आता येथेच पाहता येईल. मनगटावर बोट ठेवून नाडी धरा. श्वास आत घेताना ठोके किंचित जलद होतात, सोडताना किंचित मंद होतात. मेंदूपासून पोटापर्यंत गेलेली व्हेगस नावाची नस आहे, तिचे हे काम. म्हणून रात्री दोनला जाग आली की उठून बसा आणि श्वास घ्यायला जितका वेळ लागतो त्याच्या दीडपट वेळ लावून सावकाश सोडा. पाच मिनिटे करा. झोप लागेलच असे वचन मी देत नाही, पण बेरजा थांबतात.

याचा फायदा किती? वाढवून सांगणारे पुष्कळ भेटतील, म्हणून मोजून सांगतो. अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या डॉक्टरांनी 47 चाचण्या, एकूण 3515 माणसे, यांचा आढावा 2014 मध्ये प्रसिद्ध केला. चिंता, उदासी आणि वेदना यांत ध्यानाने थोड्या ते मध्यम प्रमाणात सुधारणा होते, असे त्यांना दिसले. व्यायाम किंवा औषधे यांपेक्षा ध्यान सरस आहे, असा पुरावा मात्र मिळाला नाही. म्हणजे हे एक चांगले औजार आहे. वखराने पेरणी होत नाही म्हणून वखर टाकून देत नाहीत, आणि वखरालाच तिफण समजत नाहीत.

ध्यानाने कर्ज फिटत नाही, भाव वाढत नाही आणि पाऊस पडत नाही. ज्याला बँकेची नोटीस आली आहे त्याने बँकेतच जावे लागते. फरक एवढाच पडतो की तो तेथे दहा मिनिटे ऐकून घेऊ शकतो. माझ्यापुरते सांगतो, पेरणीचा निर्णय मी आता बसून उठल्यावर घेतो. पहिल्या पावसाला शेजाऱ्याची तिफण निघाली तरी मी पर्जन्यमापकात पाहतो. छातीत धडधड अजूनही होते, फक्त ती तिफण जुंपत नाही. दिवसाकाठी चार-पाच खर्रे खायचो, तेही कमी होत गेले. सुटले म्हणणार नाही, घरचे येथे बसले आहेत.

भगिनींसाठी, आणि खरे तर त्यांच्या घरच्या पुरुषांसाठी एक गोष्ट. ध्यानाच्या सभेत हात वर करून "आम्ही रोज बसतो" म्हणणाऱ्यांत बहुतेक पुरुष असतात. तुम्ही डोळे मिटून बसता तेव्हा चूल कोण पेटवते? घरात सर्वांआधी उठणारी आणि सर्वांमागून झोपणारी जी आहे, तिच्या डोक्यावरही तोच हप्ता, तीच फळगळ आहे. माझ्या पत्नीने एकदा सरळ विचारले, "तुमची शांती दहा मिनिटांची, माझी कधी?" तेव्हापासून चहा मी ठेवतो आणि ती बसते. फार चांगला होत नाही, पण ती पिते.

आता शेवटचा भाग, आणि झोपलेल्यांना शेजाऱ्यांनी यासाठी जागे करावे.

आमच्या जवळच्या एका गावात एक शेतकरी होता, बोलका, हसरा. दोन वर्षे लागोपाठ पीक बुडाले. नंतर तो गप्प झाला. पारावर येईना. बांधावर तासन् तास एकटा बसून राही. जेवण कमी झाले, पहाटे तीनलाच उठून बसू लागला. आम्ही काय म्हणालो? "हा तर महाराज झाला, ध्यानाला लागला." मीही म्हणालो, आणि मी स्वतः ध्यान करणारा माणूस. त्याच्या वहिनीला मात्र ते खरे वाटले नाही. तो एक दिवस मुलाला सातबारा आणि बँकेचे पुस्तक कुठे ठेवले आहे ते समजावून सांगत होता, ते तिने ऐकले. तिने त्याला जवळ बसवून सरळ विचारले, "भाऊजी, जीव द्यायचा विचार येते का मनात?" तो रडला. ती दुसऱ्या दिवशी त्याला सरकारी दवाखान्यात घेऊन गेली. त्याला औषधे सुरू झाली, समुपदेशन झाले. सुधारायला काही महिने लागले. आज तो शेती करतो. मला भेटला की "काय महाराज" म्हणतो, आणि त्यात टोमणा असतो तो मी मुकाट्याने घेतो.

ध्यान करून उठलेला माणूस माणसांत येतो. उदासीच्या आजारातला माणूस माणसांतून जातो. बाहेरून दोघेही गप्पच दिसतात, म्हणून नीट पाहा. झोप-भूक गेली, आवडीची कामे सुटली, "माझा आता काय उपयोग" असे बोलणे सुरू झाले, निरवानिरवीची भाषा आली, दारू वाढली, आणि हे दोन आठवड्यांवर चालले, तर त्याला ध्यान करायला सांगू नका. दवाखान्यात न्या. सरळ विचारल्याने तो विचार मनात घातला जातो, ही भीती खोटी आहे. विचारल्याने ओझे हलके होते. अशा आजारात किंवा घरात नुकताच मोठा आघात झाला असताना दहा दिवसांच्या मौन शिबिरालाही डॉक्टरांना विचारल्याशिवाय जाऊ नये. कीटकनाशके घरात उघडी ठेवू नका, कुलपात ठेवा आणि किल्ली दुसऱ्याकडे द्या. मुलाबाळांसाठी हे आपण नेहमी सांगतो, मोठ्यांसाठीही ते तितकेच खरे आहे.

यात गावाने लक्ष घातले तर फरक पडतो, हे आपल्याच अमरावती जिल्ह्यात दिसले आहे. 'विश्राम' नावाच्या प्रकल्पात 30 गावांत गावातलेच कार्यकर्ते तयार केले. दीड वर्षात उदासीच्या आजारासाठी मदत घेणाऱ्यांचे प्रमाण 4.3 टक्क्यांवरून 27.2 टक्क्यांवर गेले आणि मनात आत्महत्येचे विचार येणाऱ्यांचे प्रमाण 5.2 वरून 2.5 टक्क्यांवर आले. हे निष्कर्ष 2017 मध्ये प्रसिद्ध झाले आहेत. केंद्र शासनाची टेली-मानस ही दूरध्वनी सेवा ऑक्टोबर 2022 पासून सुरू आहे. क्रमांक 14416. पैसे लागत नाहीत, रात्री दोनलाही फोन उचलला जातो आणि मराठीत बोलता येते. हा क्रमांक आताच लिहून घ्या. स्वतःसाठी नको वाटत असेल तर शेजाऱ्यासाठी म्हणून लिहा, आणि घरी गेल्यावर पंपाच्या पेटीवर खडूने लिहून ठेवा.

गावी गेल्यावर काय कराल, ते तुम्ही ठरवा. प्रार्थना मंदिर असेल, विहार असेल, तर तिथली बंद पडलेली बैठक पुन्हा सुरू करता येईल. काहीच नसेल तर चार जण दूध डेअरीवर रोज भेटताच, दूध घालून झाले की तिथल्याच पायरीवर दहा मिनिटे बसा. पाचवा कोणी आला नाही तर त्याच्या घरी जाऊन विचारा, "का गा, बरं नाही का?"

पुढच्या सत्राला अजून बारा मिनिटे आहेत. मी दोन मिनिटे आधी संपवतो असे संयोजकांना कबूल केले होते, तर दहा मिनिटे आपण येथेच बसू. मोबाईल बंद करा. पाय मोकळे करायचे असतील ते करून घ्या, टोपी, शेला सैल करा. मागे उभे असलेल्यांनी भिंतीला टेकून बसावे. मी घड्याळ पाहतो, तुम्ही पाहू नका. मी टाळी वाजवली की डोळे उघडा, मागच्या मंडपात चहा तयार आहे.